शाळेबाहेरचे शैक्षणिक वर्ष: कृष्णाकाठच्या किशोरवयीनांसाठी एक आखणी

मूल लहान असेपर्यंत त्याला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, म्हणजे गृहशिक्षणाचा, निर्णय तुलनेने सोपा असतो. वाचन, लेखन आणि हिशेब एवढ्यावर पालकांचे लक्ष असते आणि त्या वयात कोणतेही महाविद्यालय प्रमाणपत्र मागत नाही. मुलगा किंवा मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षात आली की चित्र पालटते, कारण या वयात अभ्यासाचे विषय पालकांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतात, मुलांना स्वतःचे मत येते आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचा प्रश्न टाळता येत नाही. सातारा किंवा सांगलीसारख्या जिल्ह्यात राहून हा मार्ग पत्करणाऱ्या कुटुंबाला पुण्या-मुंबईतल्या कुटुंबांइतकी समविचारी सोबत सहज लाभत नाही. म्हणून वर्षाची आखणी अगोदर आणि कागदावर करण्याची गरज येथे अधिक भासते.

कायद्याची स्थिती प्रथम समजून घ्यावी लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो सहा ते चौदा या वयोगटाला लागू होतो. त्यातील ‘सक्ती’ ही शासनावर घातलेली जबाबदारी आहे. पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे कलम १० सांगते, परंतु ते न केल्यास पालकांना शिक्षा करण्याची तरतूद या कायद्यात नाही आणि गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता देणारे वा स्पष्टपणे रोखणारे कलमही त्यात नाही. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर हा कायदा मागे पडतो आणि पुढचा सारा प्रश्न कोणत्या मंडळाची परीक्षा द्यायची याभोवती फिरू लागतो.

या प्रश्नाची उत्तरे प्रामुख्याने दोन. पहिले मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. खासगी विद्यार्थ्याला एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि अर्ज, अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिके या बाबी तिच्यामार्फत पार पडतात. पूर्वीच्या शाळेचा मूळ दाखला येथे अत्यंत महत्त्वाचा ठरतो, त्यामुळे शाळा सोडतानाच तो काढून जपून ठेवणे शहाणपणाचे असते. अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, साधारणपणे पावसाळ्याच्या सुमारास जाहीर होते आणि ती हुकली तर विलंब शुल्क भरावे लागते किंवा वर्ष वाया जाते. शिवाय या परीक्षा अलीकडे लवकर होऊ लागल्या आहेत. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला, तर दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. मार्चअखेरपर्यंत वेळ आहे असे समजून केलेली आखणी म्हणूनच आता चालत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे केंद्र शासनाने १९८९ साली स्थापन केलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ‘मुक्त’ याचा अर्थ येथे विषयांची निवड, वेग आणि परीक्षेची वेळ यांत विद्यार्थ्याला मोकळीक असणे. एका भाषेसह किमान पाच विषय घ्यावे लागतात. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. मुख्य परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. सगळे विषय एकाच वेळी देण्याचे बंधन नसल्यामुळे दोन विषय एका हंगामात आणि उरलेले तीन पुढच्या हंगामात अशी विभागणी करता येते. लेखी गुणांपैकी वीस टक्के गुण विद्यार्थ्याने घरी लिहून सादर करायच्या स्वाध्यायांसाठी राखलेले असतात आणि दहावीच्या पातळीवर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनानेही अलीकडच्या काळात राज्य मुक्त विद्यालय मंडळ सुरू केले आहे. ज्याला पुढे जिल्ह्यातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जायचे आहे आणि ज्याचे पाचवी-सहावीपर्यंतचे शिक्षण राज्य मंडळाच्या पुस्तकांवर झाले आहे, त्याला १७ नंबरचा मार्ग अधिक सरळ पडतो. ज्याचा दिवसातला बराच वेळ गायन, खेळ किंवा शेती यांसारख्या दुसऱ्या साधनेत जातो, त्याला राष्ट्रीय संस्थेची विषयवार परीक्षा मानवते.

प्रमाणपत्राचा प्रश्न लांबणीवर टाकल्यास काय होते, हे मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणातून स्पष्ट होते. सातवीनंतर शाळा सोडून तिने घरी राहून संगणकशास्त्राचा अभ्यास केला, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत तिला प्रवेश मिळाला. मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचे दार तिच्यासाठी बंद राहिले. पदकांच्या बळावर परदेशी संस्थेत पोहोचणारा विद्यार्थी विरळा असतो आणि त्याच्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. म्हणून वर्षाच्या कागदावर पहिल्या ओळीत अर्जाच्या मुदती आणि परीक्षेचे महिने लिहावेत. या तारखा मोजक्याच असतात, पण त्या हलवता येत नाहीत. त्या एकदा नोंदल्या की उरलेले वर्ष मुलाच्या आणि परिसराच्या कलाने मांडायला मोकळे होते.

शिकणे एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे ही रीत या परिसराला नवी नाही. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी किशोरवयात वाईला आले, प्राज्ञपाठशाळेत गुरूंजवळ शिकले आणि १९२३ साली कोलकात्याची ‘तर्कतीर्थ’ ही परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून त्यांनी केलेले कामही वाईतच उभे राहिले. त्याआधी, वाईप्रमाणेच सातारा जिल्ह्यात असलेल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे प्रारंभीचे शिक्षण पती जोतीरावांच्या हाताखाली घरीच झाले आणि त्यानंतर त्यांनी शिक्षिकेचे औपचारिक प्रशिक्षण घेतले. दोन्ही उदाहरणांत घरगुती वा गुरूजवळच्या अध्ययनाला बाहेरच्या संस्थेचे परीक्षण जोडलेले दिसते.

आता वर्षाकडे वळावे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत सातारा-सांगलीइतकी समृद्ध प्रयोगशाळा क्वचितच कोठे सापडेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका पाचशे मिलिमीटरच्या आसपास अडखळतो. सह्याद्रीचा कडा ढग अडवतो आणि त्याच्या पूर्वेकडे पर्जन्यछाया पडते, हा भूगोलाचा धडा पुस्तकातल्या आकृतीवर न थांबता एका दिवसाच्या एसटी प्रवासात डोळ्यांसमोर उलगडतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी रोज जाहीर होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. कोयनेचा विसर्ग, वारणेचे पाणी आणि आयर्विनची पातळी यांच्या दैनंदिन नोंदी ठेवून दोन महिन्यांचा आलेख काढणाऱ्या मुलाला सांख्यिकी वेगळी शिकवावी लागत नाही. पूरपट्ट्यात घर असलेल्या कुटुंबाने मात्र जुलै-ऑगस्टमध्ये कोणतीही अवघड मुदत ठेवू नये आणि दाखले, प्रवेशपत्रे यांच्या प्रती नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी ठेवाव्यात.

ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठार फुलते. पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत २०१२ साली समावेश झाला, त्यात कासचाही अंतर्भाव आहे. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात नत्र फार कमी असते. ही उणीव भरून काढण्यासाठी दवबिंदूसारख्या वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक पकडतात आणि ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी नाजूक जांभळी फुले धारण करणारी वनस्पती जमिनीलगतच्या सूक्ष्म पिशव्यांत जीव अडकवते. पोषण, अनुकूलन आणि परिसंस्था ही विज्ञानाची तीन प्रकरणे येथे एकत्र भेटतात. पठारावरची भेट एकच न ठेवता पंधरा दिवसांच्या अंतराने तीन ठेवल्यास बहर कसा बदलतो हे उमगते. एकदाच जाऊन छायाचित्रे काढून परतण्याला अभ्यास म्हणता येत नाही.

दिवाळीनंतरचे महिने पुस्तकाला द्यावेत. स्वाध्याय लिहिणे, गणिताचा सराव, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणे ही कामे नोव्हेंबर ते जानेवारीत उरकली तरच पुढे ताण येत नाही. राज्य मंडळाची परीक्षा देणाऱ्यांनी जानेवारीनंतर इतर सर्व उपक्रम थांबवणे इष्ट. एप्रिलमध्ये परीक्षा असणाऱ्यांना मात्र आणखी काही आठवडे मिळतात आणि त्यांचा सदुपयोग सांगलीच्या हळद बाजारात होऊ शकतो. नवी हळद या काळात येऊ लागते. सौदे कसे निघतात, अडत, हमाली आणि तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी किती पडते, हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, पूर्वी हळद का साठवली जात असे, हे प्रश्न वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे आहेत. संगीताकडे ओढा असलेल्यांसाठी मिरज जवळच आहे. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तारेची लांबी, ताण आणि स्वराची उंची यांचे नाते तंबोऱ्याच्या कारागिराजवळ बसून जितके पक्के होते तितके सूत्र पाठ करून होत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणाऱ्यांनी त्यांच्या तारखा मुख्य परीक्षेवर आदळणार नाहीत एवढे पाहावे.

हे सारे कागदावर कोणी लिहायचे, हा प्रश्न या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलासाठी आईवडिलांनी तासातासाचे वेळापत्रक तयार करून भिंतीवर लावले तर घराची शाळा होते आणि तीही मित्रांवाचून. या वयात योजना मुलानेच लिहावी, पालकांनी ती तपासावी आणि आठवड्यातून एकदा दोघांनी ती पुढ्यात घेऊन बसावे. रोजचे तीन ते चार तास एकाग्र अभ्यास पुरतो, कारण वर्गातली हजेरी, प्रतीक्षा आणि पुनरावृत्ती येथे नसते. परंतु ते तीन तास न चुकता व्हावे लागतात. जे विषय पालकांना येत नाहीत त्यांसाठी निवृत्त शिक्षक किंवा शिकवणी शोधण्यात कमीपणा नाही. गृहशिक्षणाचे ओझे बहुतेक घरांत एकट्या आईवर पडते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वडिलांचे विषय आणि वार योजनेत नावानिशी लिहिले गेले नाहीत तर दिवाळीपूर्वीच ती थकते आणि योजनाही तिथेच थांबते.

समवयस्कांची सोबत ही या मार्गावरची खरी उणीव आहे आणि ती आपोआप भरून निघत नाही. तालीम, पोहण्याचा तलाव, नाट्यसंस्था, सांगलीत रुजलेली बुद्धिबळाची परंपरा, ग्रंथालये आणि भिलारसारखे पुस्तकांचे गाव यांपैकी एका तरी ठिकाणी मुलाचे आठवड्याला ठरलेल्या वारी जाणे योजनेत असावे. ज्या मुलाला शाळेतल्या मित्रांची मनापासून ओढ आहे त्याला केवळ पालकांच्या विचारसरणीखातर घरी ठेवणे अन्यायाचे होईल. दर वर्षी मे महिन्यात पुढील वर्षाचा निर्णय त्याला विचारून नव्याने घ्यावा आणि शाळेत परतण्याचा पर्याय उघडा ठेवावा.

मे महिन्याचे आणखी एक काम उरते. वर्षभरातील नोंदवह्या, पावसाचे आलेख, वनस्पतींची रेखाटने, वाचलेल्या पुस्तकांची यादी, स्पर्धा व परीक्षांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवली तर पुढे मुलाखत, शिष्यवृत्ती किंवा परदेशी प्रवेश यांसाठी ती उपयोगी पडते. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला असल्यामुळे ज्यांना दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जायचे आहे त्यांनी आपल्या मंडळाचा निकाल प्रवेशाच्या फेऱ्यांपूर्वी हाती येतो का, स्थलांतर प्रमाणपत्र किती दिवसांत मिळते आणि निवडलेले पाच विषय विज्ञान शाखेला पुरेसे ठरतात का, याची चौकशी नववीच्या वयातच संबंधित महाविद्यालयात जाऊन करावी. गणित किंवा विज्ञान वगळून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला नंतर ते विषय स्वतंत्रपणे देण्याची सोय मुक्त शिक्षणात असली, तरी त्यासाठी पुढच्या परीक्षा-हंगामापर्यंत थांबावे लागते.