पेंटरच्या अक्षराचे जतन

पंक्चरवाल्याने जुन्या टायरवर रंगवलेली दोन शब्दांची पाटी, केशकर्तनालयाच्या काचेवरील कात्री-कंगवा, किल्लीवाल्याच्या पत्र्यावरची हातभर लांब किल्ली आणि किराणा दुकानातील ‘उधार बंद’ ही सूचना वाटसरूला वा गिऱ्हाईकाला कामापुरते कळावे एवढ्यासाठीच लिहिली-चितारली जाते. म्हणूनच श्रमजीवनाची भाषा आणि दृष्टी अशा फलकांत कोणत्याही सजावटीविना उतरते.

असा फलक करताना पेंटर पत्र्याला अस्तराचा रंग देतो, खडूची पूड लावलेली दोरी ताणून ओळी आखतो, अक्षरांची जागा खडूने ठरवतो आणि चपट्या कुंचल्याने ऑइलपेंट भरताना मनगट काठीवर टेकवून हात स्थिर ठेवतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि अक्षराच्या खाली उकार येत असल्याने ओळीची उंची आधीच जोखावी लागते, आणि दुकानदाराचे नाव लांबलचक असले तर अक्षरे दाटूनही वाचनीय ठेवावी लागतात.

संगणकावर रचून छापलेले फ्लेक्स स्वस्त व झटपट मिळू लागल्यावर या कारागिरांचे काम आटले. हे ओळखून दिल्लीतील कलावंत हनीफ कुरेशी (निधन 2024) यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प उभारला. त्यात रस्त्यावरील पेंटरांकडून वर्णमाला रंगवून घेऊन तिचे फॉन्टमध्ये, म्हणजे संगणकावर वापरता येणाऱ्या अक्षरसंचात, रूपांतर केले गेले आणि त्या संचाला पेंटरचेच नाव दिले गेले. अनामिक राहिलेल्या कारागिराला त्यामुळे कर्तृत्वाचे श्रेय मिळते, ही या प्रकल्पाची मोठी कमाई आहे.

तथापि फॉन्टमधले अक्षर सहसा प्रत्येक वेळी तसेच उमटते, तर पेंटर तेच अक्षर जागेप्रमाणे आखूड किंवा रुंद करतो. जागेनुसार घेतलेला हा निर्णय जपायचा तर फलकाचे छायाचित्र, मोजमाप, ठिकाण, व्यवसाय आणि कारागिराने सांगितलेली कृती यांची नोंद एकत्र व्हायला हवी. गंजलेला पत्रा घासूनपुसून चकचकीत करणेही घातक ठरते, कारण वरच्या रंगाखाली जुन्या दुकानाचे नाव दडलेले असू शकते. संग्रहालयांनी, कलामहाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी अशा नोंदी ठेवाव्यात, आणि त्याबरोबरच आपले नवे फलक योग्य मोबदला देऊन पेंटरकडूनच रंगवून घ्यावेत; कारण जुना फलक कपाटात सुरक्षित राहील, पण तो रंगवण्याचे कौशल्य मात्र हाताला काम मिळत राहिले तरच टिकेल.