अंगठ्याचे तीस भाग

प्रवरेच्या आणि मुळेच्या पाटपाण्याखाली आलेल्या गावांत दिवस कलू लागला, की गोठ्यागोठ्यांतून कुट्टी यंत्राची घरघर ऐकू येऊ लागते. विजेच्या मोटारीवर फिरणारी पाती, त्यांच्याकडे चारा ओढून नेणारे दातेरी रूळ, आणि त्या रुळांच्या तोंडाशी कडबा सारणारा, बहुधा एखाद्या स्त्रीचा, हात, एवढाच त्या उद्योगाचा विस्तार. परंतु अडलेली पेंढी पुढे रेटण्यास गेलेली बोटे रुळांनी एकदा धरली, म्हणजे मोटारीचा खटका हाकेच्या अंतरावर असूनही उपयोगी पडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हाताच्या अपघातांचा विचार नागापूरच्या औद्योगिक वसाहतीपासून सुरू करता आला असता. मला तो गोठ्यापासून सुरू करणे अधिक न्याय्य वाटते, कारण येथे बोटे गमावणारीला कामगार म्हणून कोणतेच दफ्तर ओळखत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेल्यास 1 लाख व दोन गेल्यास 2 लाख रुपयांची तजवीज आहे खरी. पण ती सातबाऱ्यावरील खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे, आणि तिची भाषा अवयवांची आहे, बोटांची नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात रोजाने राबणाऱ्या भूमिहीन बाईला त्या योजनेत जागा कोठून मिळावी?

कामावर जायबंदी झालेल्या माणसाचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने, सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी, ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर हीही होती, की जखमी कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. तिचा काही अंश कायद्यात उतरण्यास 1923 साल उजाडले. त्या कायद्याच्या परिशिष्टात मानवी हाताची अक्षरशः मोजदाद केलेली आहे: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, आणि संपूर्ण पंजा 60. तीस वर्षांच्या कामगाराचा पगार, 2020 पासून ठरलेल्या कमाल मर्यादेप्रमाणे, दरमहा 15,000 रुपये धरला, तर त्याच्या साठ टक्क्यांस वयाच्या 207.98 या गुणकाने गुणून पूर्ण अपंगत्वाची रक्कम 18,71,820 रुपये होते. अंगठ्याच्या वाट्यास त्यांतील 5,61,546 रुपये येतात आणि करंगळीच्या वाट्यास सव्वा लाखाहून थोडे अधिक. हे गणित चोख आहे, पण त्याचा पहिलाच आकडा पगाराचा आहे, आणि ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याचा पगार सिद्ध करावयाचा तो कसा? ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातील जखमी कामगारांविषयी 2019 पासून जे अहवाल काढते, त्यांत सर्वाधिक बोटे पॉवर प्रेसखाली गेल्याचे आढळते, आणि पुष्कळांना राज्य विम्याचे कार्ड अपघात घडून गेल्यावरच हाती पडल्याचेही.

आमच्या जिल्ह्यात तर याहून मूलभूत पेच आहे. 1948 च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांचा नावानिशी उल्लेख केला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच राहिले. प्रवरानगरला 1950 च्या अखेरीस पहिले गळीत झाले, तेव्हापासून ज्या धंद्यावर जिल्ह्याची भरभराट उभी आहे, तोच धंदा विम्याच्या छत्राबाहेर आहे.

आणि गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी ती तोडणारा हात? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून टोळीत जातात. डाव्या मुठीत ऊस धरून उजव्या हाताने बुडाशी घाव घालताना, पहाटेच्या अंधारात आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, घाव चुकला तर तो डाव्या हातावरच येतो. मालक कोण, असे विचारावे तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे. उचल मात्र फिटेपर्यंत अंगावर राहते, आणि जोडीदार अंथरुणाला खिळला तर कोयता अर्धाच चालतो. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला असता, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली त्यास पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य केली. ज्याच्याने ऊस मुठीत धरवत नाही, त्या तोडकऱ्यासही हाच न्याय लागू व्हावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून काही तासांत शल्यचिकित्सकाकडे पोहोचविले, तर ते जोडले जाण्याचा संभव असतो; बोट थेट बर्फात मात्र ठेवू नये. ही माहिती ज्या फडावर सर्वांत अगत्याची, तेथे बर्फही नसतो आणि गाडीही नसते.

हंगाम संपून टोळी गावी परतते, तेव्हा रास्त भावाच्या दुकानात धान्याआधी यंत्रावर बोट टेकवावे लागते. उचल घेताना ज्या अंगठ्याचा ठसा कागदावर उमटला होता तो आता नाही. म्हणून दुकानदार दुसरे बोट ठेवून पाहण्यास सांगतो, मग तिसरे, आणि मागची रांग थांबून राहते.