दार लागत नाहीये? आधी वॉर्ड ऑफिसला कळवा!

इमारत धोकादायक आहे की नाही, हे ठरवायचं काम महापालिकेचं. पण इमारत बोलायला लागली की ते पहिल्यांदा ऐकू येतं आत राहणाऱ्यांनाच. उल्हासनगर कॅम्प 4 ने हे प्रत्यक्ष पाहिलंय.

भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो की आपण काय काय विचारतो? स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती वाजता येतं, नेटवर्क मिळतं का, मालक कटकट्या तर नाही ना! बिल्डिंग कधीची आणि तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, हे विचारणारा विरळाच. मी विठ्ठलवाडीहून रोज लोकल पकडते. आमच्या ट्रेन ग्रुपमध्ये होम लोनचे व्याजदर सगळ्यांना तोंडपाठ, पण ऑडिट म्हटलं की सीएच आठवतो. उल्हासनगरात तरी हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

लालचक्कीचा धडा

ऑगस्ट 2019. कॅम्प 4 मधल्या लालचक्की भागातली पाचमजली महक अपार्टमेंट. 12 तारखेला रहिवाशांच्या लक्षात आलं, की दारं नीट लागत नाहीयेत, तडेही दिसतायत. त्यांनी महापालिकेला कळवलं. अधिकारी आले, इमारत रिकामी केली. शंभरेक माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी इमारत कोसळली. संसार गेले, पण जीव एकही गेला नाही.

आता याच शहरातली दुसरी तारीख. 28 मे 2021, नेहरू चौकाजवळची साई सिद्धी इमारत. पाचव्या मजल्याचा स्लॅब खाली आला आणि एकेक मजला फोडत तळापर्यंत गेला. सात माणसं दगावली. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी कॅम्प 1 मधल्या मोहिनी पॅलेसमध्येही स्लॅब कोसळून बळी गेले होते. प्रत्येक इमारत आधी इशारा देतेच, असं नाही. म्हणूनच दारं अडकायची वाट न बघता तपासणी करून घ्यायची.

हे इथेच का होतं?

फाळणीनंतर लष्करी छावणीत वसलेलं हे गाव. जेमतेम 13 चौरस किलोमीटर जागा आणि 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं! नव्वदच्या दशकात इथे परवानग्या धाब्यावर बसवून, हलक्या मालात भराभर इमारती उठल्या. 2005 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने 855 बेकायदा इमारतींवर कारवाईची वेळ आली. मग 2006 मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा झाला. पण शिक्का बसला म्हणून सिमेंट काही मजबूत होत नाही ना!

नोटीस आली की धडकी

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2 बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. कागदावर सगळं चोख आहे.

घोडं अडतं ते लोकांच्या भीतीपाशी. तडा दिसला तरी लोक गप्प बसतात. तक्रार केली तर नोटीस येणार, नोटीस आली तर घर जाणार. पुन्हा जागा मिळेल का? नवं भाडं, मुलांची शाळा, चालू ईएमआय, कसं जमवायचं? ही भीती खोटी नाही. त्यामुळे लोकसहभाग हवा असेल, तर नुसते बोर्ड लावून भागणार नाही. सी-1 इमारत पाडण्याआधी प्रत्येक रहिवाशाच्या घराचं क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद करायची असते. ही नोंद हातात पडली, तात्पुरता निवारा मिळाला, की माणूस निदान उंबरा ओलांडायला तयार होतो. आपण बाहेर पडलो तरी आपला हक्क बुडत नाही, हा विश्वास महापालिकेने द्यायचा आणि वेळेत खबर आपण द्यायची. लालचक्कीला खबर वेळेत गेली आणि तिची दखलही वेळेत घेतली गेली.

खबर द्यायची कुठे? प्रभाग समितीच्या कार्यालयात. एप्रिल 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हाही तक्रार घ्यायला ही कार्यालयं होतीच. अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

चौकट: या रविवारी एवढं कराच

• दारं-खिडक्या अचानक अडकणं, खांबांना वाढत जाणारे तडे, फुगलेलं प्लास्टर, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या दिसल्या, तर फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा.

• सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मीटिंगमध्ये शेवटच्या रिपोर्टची प्रत मागा.

• भाडेकरू आहात? तरी विचारा. स्लॅब अॅग्रीमेंट बघून पडत नाही.

• लाद्या बदलताना, भिंत काढताना आधी इंजिनिअरला विचारा. तुमच्या नव्या किचनचा भार खालच्या मजल्यावर नको.

• इमारत हलल्यासारखी वाटली किंवा करकर आवाज आला, तर लॅपटॉप, दागिने शोधत बसू नका. सगळ्यांना हाका मारत बाहेर पडा, मग अग्निशमन दलाचा 101 किंवा 112 फिरवा.

शेजारच्या आजी म्हणतील, ‘काही होत नाही गं, तीस वर्षं उभी आहे!’ त्यांना प्रेमाने सांगा, की तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी आता कायद्यानेच करावी लागते. आणि वॉर्ड ऑफिसला जाताना त्यांचीही सही घ्या.