हंड्यांचा हिशेब

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाऊस किती पडला याइतकंच तो कसा पडला, हेही महत्त्वाचं. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्याखाली काळा बेसॉल्ट खडक. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात, तेही सावकाश. धो-धो पडलेलं वाहून जातं आणि उन्हाळ्याआधीच विहिरी तळ गाठतात.

मग घरात काय होतं? जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच जणांना 275 लिटर, म्हणजे 15 लिटरचे अठरा-एकोणीस हंडे! भरलेला हंडा 15 किलोहून जड, आणि तो बहुधा बाईच्याच डोक्यावर. टँकर कधी येईल याचा भरवसा नसला की तिची मजुरी बुडते, मुलगी शाळेऐवजी रांगेत उभी राहते. पाणी विकत घ्यावं, तर किराण्याला कात्री. हात धुणं टळतं, जुलाब होतात, दवाखान्याचा खर्च वाढतो. पंचनामा होतो तो पिकाचा. बुडालेली मजुरी आणि चुकलेली शाळा त्यात येत नाही, आणि मला हेच सर्वांत जास्त खुपतं.