वाफेच्या इंजिनांचा मेळा

इंग्लंडांत अनेक कुटुंबें उन्हाळ्यांतील शनिवार-रविवार वाफेच्या इंजिनांच्या मेळ्यांत घालवितात. हीं इंजिनें रुळांवरचीं नव्हत. रस्त्यानें चालणारीं, एके काळीं मळणीयंत्र फिरविणारीं. तेलाचीं इंजिनें आल्यावर तीं मोडींत निघूं लागलीं. १९५० सालीं ॲपलफोर्ड गांवीं दोघां मालकांनीं बीअरच्या पिंपाची पैज लावून आपलीं इंजिनें पळविलीं. अशा मेळ्यांचा उगम त्या शर्यतींत मानतात.

मेळ्यास सकाळींच जावें, कारण थंड बॉयलरांत वाफ धरण्यास कांहीं तास लागतात. मग चालकाची नजर मुलांस दाखवावी. ती वारंवार एका कांचेच्या नळीकडे वळते. तींत बॉयलरांतील पाण्याची पातळी दिसते. भट्टीचें छत पाण्याखालीं आहे तोंवर धोका नाहीं. तें उघडें पडलें तर पत्रा तापून मऊ होतो व बॉयलर फुटूं शकतो. म्हणून छतांत शिसें भरलेलें बूच बसवितात. पाणी उतरतांच शिसें वितळतें आणि वाफ भट्टींत शिरून इशारा देते.

परंतु बूच वितळूं न देणें हेंच चालकाचें कसब, व तें हाताखालीं राहूनच साधतें. तें लोपलें, तर उरेल तें केवळ रंगविलेलें लोखंड. आजोबांच्या शेजारीं उभें राहून नळी न्याहाळणारें मूल, हीच त्या इंजिनांच्या आयुष्याची खरी हमी होय.