अमावास्येचा दिवस

सकाळी ११.००
न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य टोकाला, ॲनिमस खोऱ्यात आमचं घर आहे. चिवावा वाळवंटाचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. चहूकडे मेस्कीट आणि क्रिओसोटची झुडपं, मोठं शहर कुठेच नाही. नोव्हेंबरातली अमावास्या आहे. चहाबरोबर ढग आणि वाऱ्याचा अंदाज बघते. आकाश निरभ्र, वारा संध्याकाळी पडेल.

दुपारी १.००
घरामागची वेधशाळा म्हणजे सरकत्या छपराची एक खोली. मधोमध काँक्रीटचा खांब, फरशीपासून सुटा ठेवलेला, म्हणजे माझ्या पावलांनी दुर्बीण हादरत नाही. छपराच्या रुळांतली वाळू झाडते. प्रत्येक तारेवरून हात फिरवते, कारण इथले रानउंदीर तारा कुरतडतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका तारेपायी अख्खी रात्र गेली. खोक्यांमागे हात घालण्याआधी टॉर्च मारते, तिथे ब्लॅक विडो कोळी दडतात.

दुपारी ३.००
मागच्या तीन रात्रींचा १४ तासांचा प्रकाश संगणकावर आहे. पाच-पाच मिनिटांचे फोटो एकावर एक रचायचे. एका फोटोत खरखरीत नॉइजच जास्त. चौपट वेळ दिला की तो निम्म्यावर येतो. आणखी निम्मा करायचा तर पुन्हा चौपट वेळ. या छंदाचं सगळं गणित हेच आहे. एखाद्या फोटोत उपग्रहाची रेघ उमटली असेल, तर बाकीच्यांशी ताडून संगणक ती वगळतो.

संध्याकाळी ५.१५
सूर्य मावळला. दुर्बीण बाहेरच्या हवेइतकी थंड व्हावी म्हणून छप्पर आत्ताच सरकवते. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून उजळ आकाशाचे काही फोटो घेते. भिंगावरच्या, फिल्टरवरच्या धुळीचे डाग त्यात उतरतात आणि मग मूळ चित्रातून काढता येतात.

संध्याकाळी ६.४५
पुरता अंधार. न्यू मेक्सिकोने १९९९ मध्ये रात्रीचं आकाश जपण्यासाठी कायदा केला. बाहेरच्या दिव्यांचा उजेड वर सांडू नये, हा त्याचा गाभा. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे आहे ना, ते तपासते. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असायचा, इथे बत्तीसवर. तो शोधायला मी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कार्यक्रमांत शिकले. १९४४ पासून ही संस्था पुणेकरांना आकाश दाखवते आहे.

रात्री ८.४५
आईचा फोन. तिकडे सकाळचे सव्वानऊ.
“मृग उगवला का गं?”
“आत्ताच. बाण अगदी उभा आहे.”
“इथे हल्ली बाणाचे तीन तारे तेवढे दिसतात.”
तेच तीन तारे. मला हवं आहे ते त्यांच्यातल्या सगळ्यात पूर्वेकडच्या ताऱ्याच्या शेजारी.

रात्री १०.४५
बाण पुरेसा वर आला, मागून व्याधही. दुर्बीण १०६ मिमी व्यासाची, कॅमेरा उणे १० अंशांवर गार केलेला. फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा, हायड्रोजनचा. पहिला फोटो सुरू.
आजचंही लक्ष्य अश्वशीर्ष. मागे हायड्रोजन लाल उजळलेला आणि पुढे धुळीचा घनदाट ढग, घोड्याच्या डोक्यासारखा. घोडा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यामागचा उजेड टिपला, तरच तो दिसतो. म्हणून शहराच्या झगमगाटात तो हरवतो. डोळ्यांनाही तो आधी सापडला नव्हता. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एका काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांनी तो ओळखला.

रात्री २.२०
अश्वशीर्ष मध्यान्हवृत्तावर. इथून पुढे दुर्बीण खांबाला थडकू नये म्हणून माउंट तिला खांबाच्या दुसऱ्या बाजूला नेतं. मी शेजारी उभी राहून प्रत्येक तार मोकळी फिरते का, बघते. पारा शून्याजवळ आहे. थंडीने नळी आखडते, त्यामुळे फोकस पुन्हा साधावा लागतो.

पहाटे ३.००
दक्षिणेला अगस्त्य. पुण्यात तो आरामात वर येतो. इथे क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश वर. दूर कायोटींची कोल्हेकुई. अश्वशीर्षाकडून येणारा प्रकाश साधारण १,३०० वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा बादामीला चालुक्य राज्य करत होते आणि वेरूळचं कैलास लेणं खोदायला घेतलं नव्हतं. एवढ्या लांबून आलेल्यातलं थोडं जरी माझ्या हलगर्जीपणाने वाया गेलं, तरी मला चुकचुकल्यासारखं होतं.

पहाटे ५.१५
पूर्वेला फिकट उजेडाचा तिरपा त्रिकोण उभा राहिला आहे, राशिचक्री प्रकाश. ग्रहांच्या पातळीतल्या धुळीवर पडलेलं ते ऊन. थोड्या वेळात झुंजुमुंजू होईल. रात्रभरात ६६ फोटो जमले. कॅमेरा हळूहळू कोमट होऊ देते, छप्पर ओढते.

सकाळी ६.४५
मिळून साडेएकोणीस तास. आजचे फोटो कालच्यांत मिसळले आणि घोड्याच्या मानेची कड, काल नुसती धूसर होती ती, स्पष्ट झाली. चित्र आईला पाठवते. पुण्यात सव्वासात वाजलेत, दिवे लागलेत. खाली लिहिते: दीड तासाने तुझ्याकडे उगवेल, गच्चीवर जा.