परदेशी मोहोर आणि मराठी ठेका

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांमुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतून पोटासाठी मुंबई गाठण्याची परंपरा जुनी. आणि गणपतीस, शिमग्यास चाकरमानी गावी परततो तेव्हा त्याच्या सामानाबरोबर मुंबईतली गाणीही येतात. २०२४ साली अवघ्या महाराष्ट्रात दुमदुमलेले ‘तांबडी चामडी’ हे अशाच गाण्यांपैकी एक. मात्र ते चित्रपटातले नव्हे, आणि हीच त्यातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हे गीत क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचे. क्रेटेक्स हे कृणाल घोरपडे यांनी धारण केलेले नाव; त्यांचे जोडीदार श्रेयस सागवेकर. ‘हाऊस’ या पाश्चात्त्य नृत्यसंगीताला मराठी बोलीची जोड देण्याचा घोरपडे यांचा ध्यास असून, या प्रकाराला त्यांनी ‘एम-हाऊस’ असे सुटसुटीत नावही दिले आहे. मुळात हाऊस संगीत जन्मले ते १९८० च्या सुमारास शिकागो शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या नृत्यगृहांत. तालयंत्रावर चार समान आघात, मिनिटाला सुमारे सव्वाशे, आणि त्यांवर यंत्राने निर्मिलेल्या स्वरांची पुनरावृत्ती, एवढीच त्याची सामग्री. पुनरावृत्तीनेच चढत जाणाऱ्या या संगीतात भजनी मंडळात वाढलेल्या कानाला फारसे परके वाटावे असे काही नाही.

या गीताचे शब्द अर्थाच्या दृष्टीने फार खोल आहेत, असा दावा कोणी करू नये. परंतु ‘तांबडी’ आणि ‘चामडी’ हे दोन शब्द नुसते उच्चारून पाहावेत. दोहोंचे वजन एकच, दोहोंच्या शेवटी ‘ड’चा तोच आघात. तालवाद्याचे काम येथे भाषाच करते. म्हणून मराठीचे अक्षरही न कळणारा श्रोता या गाण्यावर डोलू शकला. हॉलंडमधील ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या नृत्यसंगीताच्या बलाढ्य संस्थेने ते प्रकाशित केले. तिच्यातर्फे निघालेले पहिले मराठी गीत म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले.

‘परक्यांचा ठेका उसना घेऊन मराठीचे काय भले होणार?’ असा प्रश्न यावर हटकून येतो. प्रश्नकर्त्याने गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजोची कुळकथा एकदा तपासावी. हे वाद्य १९१२ साली जपानमधील नागोया शहरात जन्मलेल्या ‘ताइशोगोतो’चे वंशज आहे. पेटी युरोपातून आली. ती आता नाट्यसंगीतात आणि कीर्तनात इतकी मुरली आहे की तिला पाहुणी म्हणणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतील. कोकणातल्या जाखडीत शक्ती-तुऱ्याचे शाहीर चालू जमान्याच्या चाली बिनदिक्कत उचलतात आणि त्यांत आपले सवाल-जवाब बसवतात. त्यांना कोणी भाषाद्रोही ठरवलेले नाही. घोरपडे आणि सागवेकर यांनी याहून निराळे काय केले?

खरी खंत वेगळीच आहे. १९८२ साली मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग तीन जपानी यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्याची तबकडी निघाली आणि विस्मृतीत गेली. शिकागोच्या ‘अॅसिड हाऊस’चा उगम ज्या ध्वनिमुद्रिकेत मानला जातो ती १९८७ ची, म्हणजे सिंग यांची तबकडी तिच्या पाच वर्षे आधीची. हे ध्यानी आले ते एका डच संग्राहकाच्या. त्याने २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली आणि सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला युरोपातून निमंत्रणे येऊ लागली. २०१५ साली त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत हयात घालवली, तेथील श्रोत्यांना त्यांच्या या कामगिरीचे मोल तीन दशके कळले नव्हते.

दोन्ही वेळा मोहोर हॉलंडची, हा योगायोग असेलही. मात्र ती उमटेपर्यंत आपल्या कानांवर विश्वास न ठेवण्याची सवय हा योगायोग नव्हे. चित्रपटसृष्टीच्या छायेबाहेर काम करणाऱ्याला आपल्याकडे वितरक नाही, आकाशवाणीवर ठरलेली वेळ नाही आणि समीक्षक तर नाहीच. तबला-पेटीचा वर्ग प्रतिष्ठित, पण संगणकावर ताल रचणारा विद्यार्थी वाया गेलेला, हा निवाडा अजूनही शिक्षकांच्या खोलीत सहज दिला जातो. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला मुलगा आज दूरध्वनी संचावर ठेका बांधू शकतो; त्याला लागणारी यंत्रे १९८२ मध्ये केवळ एखाद्या यशस्वी वादकालाच परवडत. उद्या त्याने जाखडीच्या चालीवर असे काही रचले, तर गावच्या स्नेहसंमेलनात त्याला दहा मिनिटे मिळतील काय?